वसतिगृहातल्या रात्री : कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या चर्चांमधून काय घडलं?

आजच्या व्याख्यानात आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कॉलेज विद्यार्थ्यांबद्दल बोलणार आहोत. विषयात सामाजिक न्याय, ओळख, संस्कृती असे तीन जड शब्द आहेत. ते थोडा वेळ बाजूला ठेवू आणि एक साधा प्रश्न घेऊ. कॉलेजातली मुलंमुली रात्ररात्र बसून चर्चा करतात, त्यातून खरोखर काही निघतं का?

आपल्याकडे घरोघरी याचं उत्तर तयार असतं : गप्पा पुरे, अभ्यासाला बसा. चळवळीतले लोकही फार वेगळं बोलत नाहीत. ते म्हणतात, चर्चा पुरे, आता रस्त्यावर या. म्हणजे एकाला चर्चा अभ्यासाच्या आड येते असं वाटतं, दुसऱ्याला कृतीच्या आड येते असं वाटतं. दोघांच्याही लेखी चर्चा म्हणजे वेळ घालवणं.

आज आपण १९६० ते १९७० या दहा वर्षांतल्या काही खोल्यांमध्ये डोकावणार आहोत. एक वसतिगृहातली खोली, एक चर्चचं तळघर, एक सभागृह, काही वर्ग. त्या खोल्यांत जे बोललं गेलं, त्याचं पुढे काय झालं ते बघू. म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.

ही कॉलेजं आली कुठून?

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्याआधी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. त्यामुळे स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर माणसं शिक्षणावर तुटून पडली. रॉली शहरात शॉ विद्यापीठ १८६५ सालचं, नॅशव्हिलचं फिस्क १८६६ चं, वॉशिंग्टनचं हॉवर्ड १८६७ चं. चर्चसंस्थांनी, देणगीदारांनी आणि खुद्द मुक्त झालेल्या लोकांनी ही कॉलेजं उभी केली.

मग १८९० साली केंद्र सरकारने एक कायदा केला. शेती आणि तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांसाठी आमचा पैसा हवा असेल, तर कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी काय निवडलं असेल? वेगळं कॉलेज. नॉर्थ कॅरोलायना राज्याचं असं कॉलेज १८९१ साली निघालं. त्याला सगळे थोडक्यात 'ए अँड टी' म्हणतात. आपली पहिली खोली तिथेच आहे.

यातली गंमत लक्षात घ्या. भेदभाव टिकवण्यासाठी ही कॉलेजं वेगळी ठेवली गेली. पण त्यामुळेच हजारो तरुणांना अशी एक जागा मिळाली, जिथे जेवताना, वाद घालताना, विनोद करताना कुणी गोरा माणूस बघत नव्हता. जे गावात मोठ्याने बोलता येत नव्हतं, ते इथे बोलता येत होतं.

पण सगळी कॉलेजं सारखी मोकळी नव्हती. काही खासगी होती, चर्चच्या पैशावर चालणारी. काही सरकारी होती, आणि त्यांचं अनुदान गोऱ्या आमदारांच्या हातात होतं. ग्रीन्सबरो शहरात हा फरक समोरासमोर दिसायचा. १९५८ साली मार्टिन ल्यूथर किंग तिथे भाषणाला येणार होते आणि त्यांना जागा द्यायला कुणी धजेना. शेवटी बेनेट कॉलेजने दार उघडलं. हे मुलींचं खासगी कॉलेज, प्राचार्य विला प्लेअर नावाच्या बाई. त्या सभेच्या श्रोत्यांत शाळेत शिकणारा एक मुलगा होता, इझेल ब्लेअर. दोन वर्षांनी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पहिली खोली : ग्रीन्सबरो

१९५९ च्या शेवटी ए अँड टीच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाची चार मुलं रात्री जमायची : इझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मकेन आणि जोसेफ मॅकनील. वय सतरा-अठराच्या आसपास. बोलायचे काय? पुस्तकं, गणित, मुली, आणि फिरून फिरून एकच विषय : हे सगळं असंच किती दिवस चालायचं?

त्यांचं वय मुद्दाम सांगतो. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा ही मुलं बारा-तेरा वर्षांची होती. पुढे शाळेत फारसं काही बदललेलं त्यांना दिसलं नाही. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि आरोपी निर्दोष सुटले. टिलचा जन्म १९४१ चा. म्हणजे तो जगला असता, तर या चौघांच्याच वर्गात शोभला असता. निकाल कागदावर राहतो आणि खुनी मोकळे सुटतात, हे दोन्ही बघून ही पिढी कॉलेजात आली होती.

चर्चा हळूहळू वडीलधाऱ्यांवर यायची. आपल्या आईवडिलांनी हे इतकी वर्षं का सोसलं? आणि तिथून पुढचा, जास्त अवघड प्रश्न : मग आपण काय करतोय? आपणही बोलूनच थांबणार असू, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?

१ फेब्रुवारी १९६० रोजी चौघे गावातल्या वूलवर्थ दुकानात गेले. टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. काळ्यांना इथे वाढत नाही, असं उत्तर आलं. त्यावर त्यांचा मुद्दा तयार होता : आत्ताच दोन काउंटर पलीकडे तुम्ही आमचे पैसे घेतलेत, ही पावती. तिथे आम्ही गिऱ्हाईक आणि इथे नाही, हे कसं?

आता ही पावती बघा. रागाच्या भरात घरातून निघालेला माणूस पावती सांभाळत नाही. समोरचा काय म्हणेल आणि आपण काय म्हणायचं, याचा ज्यांनी रात्री बसून विचार केला आहे, तेच पावती खिशात ठेवतात. आठवड्यांच्या गप्पांमधून आलेला तो एक कागद होता.

त्या दिवशी कॉफी मिळाली नाही. दुकान वेळेआधी बंद झालं. दुसऱ्या दिवशी वीसहून अधिक विद्यार्थी आले, त्यात बेनेटच्या मुलीही होत्या. त्या आठवड्याच्या शनिवारी दुकानात आणि आसपास हजाराच्या घरात माणसं होती. कॉलेजच्या प्रमुखांवर मुलांना आवरा म्हणून दबाव आला, पण ते बधले नाहीत. काही आठवड्यांत हा ठिय्या दक्षिणेतल्या कितीतरी शहरांत पोहोचला. २५ जुलै १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या वूलवर्थने काउंटर सर्वांना खुला केला. तिथे सर्वांत आधी बसून जेवले ते त्याच दुकानात काम करणारे कृष्णवर्णीय कर्मचारी. रोज इतरांसाठी राबत होते, त्या दिवशी त्यांना वाढलं गेलं.

दुसरी खोली : नॅशव्हिलचं तळघर आणि नागपूर

ग्रीन्सबरोत चौघे होते. नॅशव्हिलमध्ये मात्र महिनोन्महिने पद्धतशीर तयारी चालली होती. आणि या तयारीचा एक धागा थेट आपल्या नागपूरला येतो.

जेम्स लॉसन हे नाव आपल्याकडे फार ऐकलेलं नसतं. कोरियन युद्धासाठीची सक्तीची भरती त्यांनी नाकारली आणि तुरुंगवास भोगला. नंतर मेथडिस्ट चर्चने त्यांना भारतात पाठवलं. १९५३ ते १९५६ ही वर्षं ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, मुलांचे खेळ घ्यायचे. उरलेल्या वेळात गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचे. माँटगोमेरी शहरात हजारो कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. आपण जे इथे शिकतोय ते तिकडे सुरू झालं, हे त्यांच्या लक्षात आलं. परत गेल्यावर त्यांची किंगशी भेट झाली आणि थोड्याच काळात ते दक्षिणेत कामाला लागले.

१९५९ साली नॅशव्हिलमधल्या एका चर्चच्या तळघरात लॉसन यांनी कार्यशाळा सुरू केल्या. फिस्क विद्यापीठाची डायॅन नॅश, धर्मशिक्षणाच्या कॉलेजातले जॉन लुईस, बर्नार्ड लाफाएट, जेम्स बेव्हल अशी मुलंमुली यायची. यातलेच लुईस पुढे तीसहून अधिक वर्षं अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले.

तिथे व्याख्यान कमी आणि तालीम जास्त असायची. अर्धी मुलं काउंटरवर बसलेल्यांची भूमिका करायची, अर्धी शिवीगाळ करणाऱ्या गोऱ्यांची. तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ओढायचं, नको ते बोलायचं. मग थांबून चर्चा : तुला काय वाटलं? हात का उचलावासा वाटला? डोकं कसं झाकायचं? शेजारच्याला मार बसत असेल तर आपण काय करायचं? काही जणांना हे जमणार नाही असं कळायचं, आणि ते तसं सांगायचे. त्यांना बाहेरची दुसरी कामं मिळायची.

आपण अहिंसा हा शब्द सणावारासारखा वापरतो. या तळघरात ते एक कौशल्य होतं, पोहण्यासारखं. पुस्तक वाचून पोहता येत नाही, आणि थेट खोल पाण्यात उडी घेऊनही येत नाही. मधे तालीम लागते.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी नॅशव्हिलचे ठिय्ये सुरू झाले. १९ एप्रिलला त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक शांतपणे नगरपालिकेवर चालत गेले. पायऱ्यांवर डायॅन नॅशने महापौरांना सगळ्यांसमोर सरळ विचारलं : केवळ रंगावरून माणसात भेद करणं तुम्हाला, एक माणूस म्हणून, बरोबर वाटतं का? महापौर म्हणाले, नाही वाटत. तिने पुढे काउंटरबद्दल विचारलं आणि तिथेही त्यांना भेदभावाच्या बाजूने बोलता आलं नाही. १० मे रोजी शहरातल्या मोठ्या दुकानांनी काउंटर खुले करायला सुरुवात केली.

त्या प्रश्नाकडे नीट पाहू. घोषणेला उत्तर द्यावं लागत नाही, प्रश्नाला द्यावं लागतं. आणि कायदा काय म्हणतो असं विचारलं असतं, तर महापौरांना कायद्याआड लपता आलं असतं. तिने तो रस्ताच ठेवला नाही. असा प्रश्न ऐनवेळी सुचला असेलही, पण तो सुचायला आधी कित्येक संध्याकाळी प्रश्न विचारण्याची सवय लागते.

तिसरी खोली : ठरवायचं कुणी?

एप्रिल १९६० मध्ये ईस्टरच्या सुट्टीत रॉलीच्या शॉ विद्यापीठात दक्षिणेतल्या आंदोलक विद्यार्थ्यांची परिषद भरली. ती बोलावली एला बेकर यांनी. त्या याच विद्यापीठाच्या १९२७ च्या पदवीधर. तेव्हा वय छप्पन, आणि किंग यांच्या संघटनेचं कार्यालय त्याच चालवत होत्या. दोनशेहून अधिक माणसं आली.

मोठ्यांच्या मनात एक सोय होती. या मुलांना किंग यांच्या संघटनेची युवा शाखा करून टाकावी. पैसा आपला, नाव आपलं, जोश त्यांचा. आपल्याकडेही युवा आघाड्या अशाच असतात, त्यामुळे हे समजायला अवघड नाही. बेकर यांनी याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की जी मुलं मार खाणार आहेत, तुरुंगात जाणार आहेत, त्यांनीच ठरवावं. बलवान लोकांना बलवान नेता लागत नाही, असं त्यांचं मत होतं. विद्यार्थ्यांनी स्वतंत्र राहायचं ठरवलं आणि 'स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी' उभी राहिली. तिच्या आद्याक्षरांवरून सगळे तिला 'स्निक' म्हणत.

याच परिषदेत बेकर यांनी मुलांना आणखी एका गोष्टीकडे वळवलं. हा लढा काउंटरवरच्या हॅम्बर्गरपुरता नाही, त्याहून मोठ्या गोष्टीसाठी आहे. काउंटर खुला झाला, पण खिशात हॅम्बर्गरचे पैसे नसतील तर? मत देता येत नसेल तर? एक प्रश्न सुटला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो. स्निकच्या सभा त्यामुळे लांबत जायच्या, कधी पहाटेपर्यंत, कारण शक्यतो मतदान न घेता सगळ्यांचं पटेपर्यंत बोलायचं अशी रीत होती. बाहेरच्यांना हा वेळखाऊपणा वाटायचा. पण उद्या ज्याला तुरुंगात जायचं आहे, त्याला बहुमताने पाठवता येत नाही. त्याचं त्यालाच पटावं लागतं.

किंमत

इथे थोडं थांबू, कारण चर्चेची किंमत न सांगता पुढे जाणं बरोबर नाही.

फेब्रुवारी १९६० मध्येच अलाबामा स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी माँटगोमेरीच्या न्यायालयातल्या उपाहारगृहात ठिय्या दिला. हे सरकारी कॉलेज. आपण मघाशी अनुदानाबद्दल बोललो, ते इथे आठवा. गव्हर्नरने दबाव आणला आणि नऊ विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. नोटीस नाही, सुनावणी नाही. ज्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजात पोहोचतं, तिथे याचा अर्थ काय होतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. काही विद्यार्थी कोर्टात गेले. १९६१ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की सरकारी कॉलेजला नोटीस आणि सुनावणीशिवाय विद्यार्थ्याला असं काढता येणार नाही. 'डिक्सन विरुद्ध अलाबामा' म्हणून तो प्रसिद्ध आहे. आज अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात कुठल्याही रंगाच्या विद्यार्थ्याला बाजू मांडायची संधी मिळते, त्यामागे या मुलांचं गेलेलं वर्ष आहे. त्यांच्या नावावरचा तो शेरा पुसायला मात्र २०१८ साल उजाडलं.

काहींनी याहून जास्त मोजलं. ८ फेब्रुवारी १९६८ रोजी साउथ कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्ग इथे राज्य पोलिसांनी कॉलेजच्या आवारात गोळीबार केला. वाद होता एका बोलिंगच्या क्लबात कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारल्याचा. तीन तरुण गेले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. नऊ पोलिसांवर खटला चालला आणि सगळे सुटले. तुरुंगात गेला तो स्निकचा कार्यकर्ता क्लीव्हलंड सेलर्स, जो स्वतः गोळी लागून जखमी झाला होता. त्याला १९९३ साली माफी मिळाली. मे १९७० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळ्या झाडल्या, दोघे मेले. त्याच्या दहा-अकरा दिवस आधी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात चार गोरे विद्यार्थी गोळीबारात मेले होते. केंट स्टेट जगाला माहीत आहे. ऑरेंजबर्ग आणि जॅक्सन किती जणांना माहीत आहे? कुणाच्या मरणाची आठवण ठेवली जाते, हाही शेवटी न्यायाचाच प्रश्न आहे.

आपण कोण?

आता चर्चा दुसऱ्या वळणावर येते. सुरुवातीचा प्रश्न होता : आम्हाला आत का घेत नाही? काही वर्षांनी मुलं विचारू लागली : आत जाताना आम्ही बाहेर काय ठेवून जायचं?

हॉवर्ड विद्यापीठात १९६१ साली विद्यार्थ्यांनी माल्कम एक्स आणि बेयार्ड रस्टिन यांचा जाहीर वाद ठेवला. एक म्हणणार वेगळं व्हा, दुसरा म्हणणार एकत्र या. असे दोन वक्ते एका मंचावर आणणं हे विद्यार्थ्यांचं धाडस होतं. हॉवर्डच्याच गटात स्टोकली कारमायकेल होता, तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. १९६६ साली मिसिसिपीतल्या मोर्चात त्याच्या तोंडून 'ब्लॅक पॉवर' हे शब्द देशभर गेले.

शब्दांचं महत्त्व इथे समजून घ्यायला हवं. तोपर्यंत 'निग्रो' हा सभ्य शब्द मानला जायचा. आधीच्या पिढीने तर तो मोठ्या अक्षराने छापला जावा म्हणून मोहीम चालवली होती, आणि १९३० साली न्यूयॉर्क टाइम्सने ते मान्य केलं होतं. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात, त्यामुळे या भांडणाचं वजन चटकन कळत नाही. इंग्रजीत विशेषनामाला मोठं अक्षर मिळतं. म्हणजे मागणी अशी होती की आम्हाला एक समाज म्हणून मोजा. १९६० च्या दशकातली मुलं आणखी पुढे गेली. ती म्हणाली, दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव नको. ज्या 'ब्लॅक' शब्दाने आम्हाला हिणवता, तोच आम्ही मानाने घेतो.

आणि हे फक्त शब्दात राहिलं नाही, ते केसांपर्यंत गेलं. हॉवर्डमध्ये दरवर्षी 'होमकमिंग क्वीन' निवडायची पद्धत होती. तिथे साधारणपणे उजळ रंगाच्या, केस सरळ करून घेतलेल्या मुली निवडून यायच्या. १९६६ साली रॉबिन ग्रेगरी उभी राहिली, ती आपले कुरळे केस जसेच्या तसे ठेवून. प्रचारात ती कृष्णवर्णीयांच्या चळवळीबद्दल बोलायची. निकालाच्या रात्री अंधाऱ्या मंचावर दिवे लागले, मागच्या पडद्यावर आधी तिच्या केसांची सावली दिसली, आणि सभागृहात एकच जल्लोष झाला. कुणी म्हणेल, केसांचं काय एवढं? पण गोरी, लांब केसांची मुलगी हवी असं ज्या समाजातल्या लग्नाच्या जाहिराती सांगतात, त्या समाजाला याचा अर्थ कळायला वेळ लागू नये.

केसांनंतर पाळी आली अभ्यासक्रमाची. मार्च १९६८ मध्ये हॉवर्डच्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांनी प्रशासनाची इमारत ताब्यात घेतली. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि साहित्य मध्यभागी का नाही, हा त्यांचा एक मुख्य सवाल होता.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला देशाच्या दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप सुरू झाला. हे कृष्णवर्णीयांचं कॉलेज नव्हतं, तिथे ते अल्पसंख्य होते. 'ब्लॅक स्टुडंट युनियन'ने दहा मागण्या ठेवल्या, त्यांना इतर समाजांच्या विद्यार्थ्यांची आघाडी येऊन मिळाली. संप मार्च १९६९ पर्यंत चालला. शेवटी अमेरिकेतला पहिला 'एथ्निक स्टडीज' विभाग तिथे उभा राहिला, त्यात ब्लॅक स्टडीज आलं. ज्या प्राध्यापकाने या अभ्यासक्रमाचा आराखडा केला, त्या नेथन हेअर यांची नेमणूक मात्र पुढे चालू ठेवली गेली नाही. विषय राहिला, तो मांडणारा गेला.

एका पँथरचा प्रवास

शेवटची गोष्ट आपल्याला जवळची आहे. १९६५-६६ मध्ये स्निकचे कार्यकर्ते अलाबामातल्या लाउंड्स परगण्यात लोकांची मतदार म्हणून नोंदणी करत होते. तिथे नवा पक्ष काढायचा ठरलं. बऱ्याच लोकांना वाचता येत नसल्यामुळे मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं, अगदी आपल्यासारखं. गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा. आपलं काय असावं? आधी कबुतर सुचलं, ते पटेना. मग स्निकच्या रूथ हॉवर्ड यांना अटलांटाच्या क्लार्क कॉलेजचं बोधचिन्ह आठवलं. ते होतं पँथर.

म्हणजे कृष्णवर्णीयांच्या एका कॉलेजच्या खेळाच्या मैदानावरचा पँथर मतपत्रिकेवर आला. तिथून १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये तो कॅलिफोर्नियात ओकलंडला पोहोचला. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 'ब्लॅक पँथर पार्टी' काढली. या दोघांची ओळख झाली मेरिट कॉलेजात, आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवा या मागणीच्या चर्चांमध्ये ते एकत्र वावरले होते. आणि १९७२ साली हा पँथर मुंबईत आला. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'दलित पँथर' हे नाव घेतलं. नाव तिकडचं, पण त्यामागचे अत्याचार, त्यामागची भाषा आणि आंबेडकरी वारसा सगळा इथला. हाही प्रवास एकेरी नव्हता, हे आपण मघाशी पाहिलं. नागपुरात शिकलेलं काही नॅशव्हिलला गेलं होतं, आणि अलाबामातलं काही मुंबईला आलं.

मग चर्चेतून काय निघतं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. या खोल्यांमध्ये चर्चा आणि कृती असे दोन वेगळे कप्पे दिसत नाहीत. ग्रीन्सबरोत चर्चेतून पावती निघाली, नॅशव्हिलमध्ये मार सोसायची तयारी आणि महापौरांना विचारायचा प्रश्न निघाला, रॉलीत कुणी ठरवायचं हे निघालं, हॉवर्डमध्ये स्वतःचं नाव आणि पुढे अभ्यासक्रम. प्रत्येक वेळी कृती झाल्यावर ती माणसं पुन्हा खोलीत येऊन बसली, कारण नवा प्रश्न समोर होता.

अर्थात प्रत्येक चर्चेतून हे होत नाही, हेही खरं. या चर्चांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते. बोलणाऱ्यालाच परिणाम भोगायचे होते. जो काउंटरवर बसणार, तोच बोलत होता. जिचे केस होते, तीच ठरवत होती. दुसऱ्याने काय करायला हवं होतं, यावर रात्रभर बोलता येतं आणि सकाळी काहीच बदलत नाही. आपण काय करणार, हा प्रश्न एकदा खोलीत आला की बोलण्याचा सूरच बदलतो. त्या चार मुलांच्या खोलीत तो आला, तेव्हा चौघांपैकी एकाकडेही पदवी नव्हती, संघटना नव्हती, पैसा नव्हता.

म्हणून आपल्या घरातली, वसतिगृहातली मुलं उद्या जातीवर, भाषेवर, आपल्या आडनावावर बोलताना दिसली, तर त्यांना लगेच उठवू नका. जमलं तर शेजारी बसा. सल्ला द्यायची घाई नको. एला बेकर यांच्यासारखं जागा मिळवून द्यावी, चहाचं बघावं आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडावं.

आज इथेच थांबू.